वैमानिकाचे घड्याळ आणि जे. आर. डी. टाटा



आपल्या गुलमंडीवर किंवा औरंगपुऱ्यात घड्याळाच्या दुकानासमोर उभे राहिलात तर एक प्रकारचे घड्याळ हमखास दिसेल. काळी तबकडी, त्यावर ठळक पांढरे आकडे आणि बाजूला मोठी चावी. दुकानदार त्याला पायलट घड्याळ म्हणतात. काही जणांच्या आजोबांकडे एचएमटी कंपनीचे पायलट नावाचे, रोज चावी द्यावी लागणारे घड्याळ अजूनही असेल.

आता प्रश्न असा, की वैमानिकाला वेगळे घड्याळ लागतेच कशाला? वेळ तर सगळ्यांची सारखीच असते ना?

या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या आयुष्यात छान सापडते. ते म्हणजे भारतरत्न जे. आर. डी. टाटा. उद्योगपती म्हणून ते सगळ्यांना माहीत आहेत. पण त्याआधी ते वैमानिक होते, आणि वेळ पाळणे म्हणजे नेमके काय, हे ते विमान चालवताना शिकले. आज त्यांचे चरित्र आपण घड्याळाच्या अंगाने वाचू या.

घड्याळ खिशातून मनगटावर

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पुरुष मंडळी घड्याळ खिशात ठेवत. साखळी लावलेले घड्याळ बाहेर काढायचे, झाकण उघडायचे आणि वेळ बघायची. मनगटावरचे घड्याळ म्हणजे बायकांचा दागिना, असाच समज होता.

पण विमान चालवणाऱ्याचे दोन्ही हात कामात असतात. तो खिशात हात घालणार कधी? ब्राझीलचे आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ हे पॅरिसमध्ये राहून उडण्याचे प्रयोग करत. त्यांनी हीच अडचण लुई कार्तिए या घड्याळजी मित्राला सांगितली आणि १९०४ मध्ये कार्तिए यांनी त्यांच्यासाठी चामडी पट्ट्याचे मनगटी घड्याळ तयार केले, असे घड्याळांच्या इतिहासात नोंदलेले आहे. पुढे २५ जुलै १९०९ रोजी फ्रान्सच्या लुई ब्लेरिओ यांनी विमानाने इंग्लिश खाडी ओलांडली. त्यांच्याही मनगटावर घड्याळ होते, झेनिथ कंपनीचे.

हे ब्लेरिओ नाव लक्षात ठेवा. आपल्या गोष्टीत ते लगेच येणार आहे.

समुद्रकिनाऱ्यावरचा मुलगा

ज्या वर्षी ते घड्याळ तयार झाले, त्याच वर्षी आणि त्याच शहरात जेआरडींचा जन्म झाला. २९ जुलै १९०४, पॅरिस. पूर्ण नाव जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा. वडील रतनजी दादाभॉय हे जमशेटजी टाटांचे नातलग आणि व्यवसायातले सहकारी. आई सुझान फ्रेंच होत्या, लग्नानंतर त्यांचे नाव सुनी झाले. पाच भावंडांत जेआरडी दुसरे.

उन्हाळ्यात हे कुटुंब उत्तर फ्रान्समधल्या हार्डेलो या समुद्रकाठच्या गावी जाई. तिथेच ब्लेरिओ यांचेही घर होते! किनाऱ्याच्या वाळूवर विमाने उतरताना लहानगा जहांगीर डोळे मोठे करून बघत राही. पंधराव्या वर्षी त्याला तिथेच विमानातून एक छोटी चक्कर मारायला मिळाली. फेरी काही मिनिटांचीच होती, पण मोठे होऊन आपण विमान चालवायचे हे त्याने त्या दिवशी पक्के केले.

शिक्षण मात्र सलग झाले नाही. घर कधी फ्रान्समध्ये, कधी मुंबईत, काही काळ जपानमध्ये. आईचे १९२३ मध्ये निधन झाले. केंब्रिजला जाऊन इंजिनीअर व्हायची फार इच्छा होती, पण फ्रान्सच्या सैन्यात एक वर्षाची सक्तीची नोकरी करावी लागली आणि नंतर वडिलांनी मुंबईला बोलावून घेतले. १९२६ मध्ये वडीलही गेले. बावीस वर्षांच्या मुलावर घराची आणि कामाची जबाबदारी पडली. पदवी मिळाली नाही ही रुखरुख त्यांना आयुष्यभर राहिली. म्हणून असेल कदाचित, पण कोणतीही गोष्ट स्वतः अभ्यास करून नीट समजून घ्यायची सवय त्यांना लागली.

पहिला परवाना

मुंबईत फ्लाइंग क्लब सुरू झाला तेव्हा जेआरडी शिकायला हजर होते. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिला परवाना. त्यावर क्रमांक होता १.

त्यानंतर आगाखान यांनी एक स्पर्धा जाहीर केली. भारत आणि इंग्लंड यांच्यात एकट्याने विमान चालवत जाणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंडांचे बक्षीस. जेआरडी मे १९३० मध्ये कराचीहून निघाले. उलट बाजूने, इंग्लंडहून, अस्पी इंजिनीअर हा अवघ्या सतरा वर्षांचा मुलगा निघाला होता. इजिप्तमध्ये अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पींचे विमान स्पार्क प्लगअभावी अडून बसले होते. स्पर्धेत एकेक तास मोलाचा. पण जेआरडींनी आपल्याकडचे जादा प्लग काढून दिले.

पुढे काय झाले? अस्पी आधी पोहोचले आणि बक्षीस त्यांना मिळाले. जेआरडी थोडक्यात मागे राहिले. त्यांना त्याचे वाईट वाटले नाही. हेच अस्पी इंजिनीअर पुढे १९६० मध्ये भारताचे हवाई दलप्रमुख झाले. मित्रांनो, वेळ वाचवण्यासाठी धावणारा माणूस दुसऱ्यासाठी वेळ देऊही शकतो, हे या प्रसंगातून कळते.

१५ ऑक्टोबर १९३२

त्या काळी लंडनहून येणारे हवाई टपाल कराचीपर्यंत पोहोचत असे. तिथून पुढे आगगाडी. नेव्हिल व्हिन्सेंट या ब्रिटिश हवाई दलातून आलेल्या वैमानिकाच्या डोक्यात कल्पना आली, की कराचीहून टपाल विमानाने मुंबई आणि मद्रासला न्यावे. जेआरडींना ती एकदम पटली. टाटा सन्सचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा सुरुवातीला फारसे राजी नव्हते, पण शेवटी त्यांनी होकार दिला. भांडवल दोन लाख रुपये. सरकारकडून अनुदान नाही. जेवढे टपाल नेणार तेवढेच पैसे मिळणार.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास जेआरडींनी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून छोटेसे पस मॉथ विमान उडवले. सोबत प्रवासी नाही, फक्त सुमारे २५ किलो पत्रे. वाटेत अहमदाबादला थांबा. तिथे इंधनाचे डबे आले बैलगाडीतून! डब्यांनी पेट्रोल भरून विमान पुन्हा उडाले आणि दुपारी दोनच्या आत मुंबईच्या जुहूवर उतरले. तिथून पुढे व्हिन्सेंट ते टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. भारतीय विमानसेवेची ही सुरुवात.

आता विचार करा. विमानात रेडिओ नाही. जमिनीवरून वाट सांगणारे कोणी नाही. कराची ते अहमदाबाद या वाटेवर कच्छच्या रणाचा सपाट, पांढरा प्रदेश. खुणेला ना मोठी नदी, ना शहर. मग आपण कुठे आहोत हे कळणार कसे?

तीन गोष्टींवरून. होकायंत्र दिशा सांगते, वेगाचा काटा वेग सांगतो आणि घड्याळ वेळ सांगते. पाचवीच्या गणितातले साधे सूत्र आहे : अंतर = वेग × वेळ.

उदाहरण करून बघू. विमानाचा वेग ताशी १६० किलोमीटर धरा. सहा मिनिटे म्हणजे तासाचा दहावा भाग. उडत असताना घड्याळ सहा मिनिटे मागे पडले, तर वैमानिकाचा अंदाज १६ किलोमीटरने चुकेल. म्हणजे साधारण आपल्या शहरापासून दौलताबादच्या किल्ल्याइतके अंतर! ढग किंवा धुके असेल तर एवढ्या चुकीने विमानतळ दिसणारच नाही. शिवाय टाकीत किती वेळ पुरेल इतके इंधन उरले आहे, हेही घड्याळच सांगते. म्हणजे आपले घड्याळ चुकले तर फार तर शाळेला उशीर होतो. त्यांचे चुकले तर जिवावर बेतू शकते.

मग वैमानिकाचे घड्याळ कसे असावे?

वर सांगितलेली कामे डोळ्यांसमोर ठेवली की घड्याळ कसे निवडायचे हे आपोआप कळते.

१. एका नजरेत वाचता यावे. काळ्या तबकडीवर पांढरे आकडे उठून दिसतात. अशा अनेक घड्याळांत बाराच्या जागी त्रिकोण असतो. हात कसाही वळलेला असला तरी वरची बाजू कोणती हे त्यावरून लगेच समजते. अंधारात काटे चमकायला हवेत. पूर्वी त्यासाठी रेडियमचा लेप लावत. तो आरोग्याला घातक होता, म्हणून तो बंद झाला. आता निर्धोक लेप वापरतात.

२. सेकंद काटा हवाच. काही घड्याळांत चावी ओढली की सेकंद काटा थांबतो. त्यामुळे सगळ्या कर्मचाऱ्यांना आपापली घड्याळे सेकंदापर्यंत जुळवून घेता येतात.

३. चावी मोठी हवी. जुन्या विमानात थंडी फार. जाड हातमोजे घालूनही चावी फिरवता यायला हवी. पट्टाही मजबूत आणि जाड कोटाच्या बाहीवरून बांधता येईल असा लांब असे.

४. चुंबकाचा परिणाम होऊ नये. विमानातल्या यंत्रांमुळे साधे घड्याळ पुढेमागे होऊ शकते. म्हणून ब्रिटिश हवाई दलाच्या मार्क ११ या घड्याळात यंत्राभोवती मऊ लोखंडाचे वेगळे आवरण होते.

५. दोन ठिकाणची वेळ दिसावी. याबद्दल पुढे बघू.

या यादीत सोने नाही, हिरे नाहीत, किंमत तर नाहीच. तबकडीवर चार छोट्या तबकड्या आणि दहा काटे असले म्हणजे घड्याळ वैमानिकाचे होत नाही. उलट गर्दी जितकी जास्त तितके वाचायला अवघड. वैमानिकाच्या घड्याळाचा खरा गुण एकच : गरज पडेल त्या क्षणी त्याच्यावर विश्वास ठेवता आला पाहिजे.

घड्याळासारखी विमानसेवा

जेआरडींनी हाच गुण आपल्या विमानसेवेत आणला. जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलाने भरून जाई. मग काय, पावसाळ्यापुरता मुक्काम पुण्याला हलवायचा, पण टपाल थांबवायचे नाही. पश्चिम घाटावरचे काळे ढग, तोकडी साधने आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी माणसे. तरीही १९३३-३४ या वर्षात या टपालसेवेने शंभर टक्के वक्तशीरपणा राखल्याची नोंद सरकारी अहवालात झाली.

पत्र वेळेवर पोहोचणे म्हणजे काय? कोणाच्या नोकरीचे, कोणाच्या आजारपणाचे, कोणाच्या व्यापाराचे कागद त्यात असतील. पाठवणाऱ्याने विश्वासाने ते सोपवलेले असतात. वक्तशीरपणा म्हणजे त्या विश्वासाला दिलेला शब्द.

१९३८ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, जेआरडी टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. पोलाद, वीज, रसायने असा सगळा पसारा सांभाळताना विमानावरचे त्यांचे प्रेम मात्र कमी झाले नाही. १९४२ मध्ये त्यांना मोठा धक्का बसला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडहून परतताना व्हिन्सेंट यांचे विमान नाहीसे झाले. ज्याच्यासोबत स्वप्न पाहिले तो मित्रच गेला.

आपल्या मराठवाड्याशीही या गोष्टीचा एक धागा आहे. तेव्हा आपला भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९४५ मध्ये निजाम सरकार आणि टाटा एअरलाइन्स यांच्या भागीदारीत डेक्कन एअरवेज ही कंपनी उभी राहिली. १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सचे नाव एअर इंडिया झाले.

परदेशात पहिले पाऊल

८ जून १९४८ रोजी मलबार प्रिन्सेस हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाचे विमान युरोपला चालले होते. जेआरडी स्वतः प्रवासी म्हणून आत बसले होते आणि त्यांना एकाच गोष्टीची काळजी होती : वेळेवर पोहोचू ना?

इथे वैमानिकाच्या घड्याळाचा पाचवा गुण कामाला येतो. मुंबई, कैरो, जिनिव्हा, लंडन, प्रत्येक ठिकाणची वेळ वेगळी. म्हणून जगभरातले विमानकर्मचारी कामासाठी एकच जागतिक वेळ वापरतात. भारताची वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तासांनी पुढे आहे. आपल्या चिकलठाणा विमानतळावर संध्याकाळचे साडेपाच वाजतात तेव्हा वैमानिकाच्या हिशेबात दुपारचे बारा वाजलेले असतात. १९५० च्या दशकात लांबच्या उड्डाणांसाठी चौवीस तासांचा जादा काटा असलेली घड्याळे आली, ती याच कारणाने.

जिनिव्हा म्हणजे घड्याळांचे माहेरघर. एअर इंडियाच्या लोकांमध्ये तिथली एक आठवण वर्षानुवर्षे सांगितली जाते. एका माणसाने दुसऱ्याला वेळ विचारली. त्याने मनगटाकडे पाहिलेच नाही. खिडकीतून उतरणारे एअर इंडियाचे विमान पाहिले आणि अकरा वाजल्याचे सांगून टाकले! घड्याळे बनवणाऱ्या शहरात भारताचे विमान बघून वेळ सांगितली जावी, यापेक्षा मोठी शाबासकी कोणती?

हे सहज घडले नव्हते. जेआरडी प्रवासात वही घेऊन बसत. पडदे मळलेत का, चहाला रंग नीट आलाय का, खुर्ची मागे कलते का, इतक्या बारीक गोष्टी टिपून ठेवत आणि परतल्यावर संबंधितांना कळवत.

कसोटीचा काळ

१९५३ मध्ये सरकारने विमानसेवांचे राष्ट्रीयीकरण केले. जेआरडींना ते मान्य नव्हते, तसे त्यांनी स्पष्ट सांगितलेही. तरी एअर इंडियाचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि पुढची पंचवीस वर्षे ते विनावेतन सांभाळले.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे सम्राट अशोक हे जम्बो जेट मुंबईहून उडाल्यावर लगेच वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. २१३ जण मृत्युमुखी पडले. विमान किती कलले आहे हे दाखवणाऱ्या, कॅप्टनसमोरच्या उपकरणात बिघाड झाला होता. बाहेर काळोख, खाली समुद्र, डोळ्यांना आधार नाही. कितीही भारी उपकरण असले तरी एकट्यावर विसंबायचे नाही, दुसऱ्याशी पडताळून बघायचे, हा वैमानिकी शिक्षणातला नियम किती महत्त्वाचा आहे हे अशा अपघातांतून कळते. आज विमानात संगणक आहेत, उपग्रहांची मदत आहे. तरी अनेक वैमानिक मनगटावर घड्याळ बांधतात ते याच विचाराने. एक बंद पडले तर दुसरे हवे.

त्याच वर्षी फेब्रुवारीत सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केले. सेहेचाळीस वर्षांपूर्वी पत्रांच्या पिशव्या घेऊन जी सेवा त्यांनी स्वतःच्या हाताने सुरू केली, तिच्यातून त्यांना असे बाहेर पडावे लागले. त्यांना फार दुःख झाले. पण त्यांनी विमानांशी असलेले नाते तोडले नाही.

पुन्हा तीच वाट

पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली, तो दिवस १५ ऑक्टोबर १९८२. जेआरडी ७८ वर्षांचे होते. त्या दिवशी त्यांनी लेपर्ड मॉथ हे जुने छोटे विमान स्वतः चालवत कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला! ज्या वयात माणसे काठी घेऊन चालतात, त्या वयात हे गृहस्थ होकायंत्र आणि घड्याळ बघत जुहूकडे येत होते. नव्या पिढीला धाडसाची आणि कामातल्या आनंदाची आठवण राहावी, हा त्यामागचा हेतू होता.

आणखी एक योगायोग बघा. जेआरडी टाटा समूहाचे प्रमुख असतानाच, १९८४ मध्ये, तमिळनाडू सरकारच्या महामंडळासोबत टायटन ही घड्याळांची कंपनी स्थापन झाली. आज तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी त्या नावाचे घड्याळ असेल.

१९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथेच त्यांचे निधन झाले. जन्मगावी, पॅरिसमध्ये, त्यांना चिरविश्रांती मिळाली. आणि जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे आली. ते बघायला मात्र जेआरडी नव्हते.

आपण काय घ्यायचे?

मित्रांनो, तुमच्यातले कोणी उद्या वैमानिक होईल, कोणी हवाईसेविका, कोणी विमानाची दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ. तेव्हा घड्याळ घेताना महागडे नाव बघू नका. एका नजरेत वाचता येते का, अंधारात दिसते का, हातमोज्याने चावी फिरते का आणि मुख्य म्हणजे रोज बरोबर चालते का, एवढे बघा.

आणि वैमानिक नाही झालात तरी, आपल्यावर कोणीतरी विसंबून आहे हे लक्षात ठेवून वेळ पाळा. बसथांब्यावर मैत्रीण वाट बघत असते, दवाखान्यात आजी डब्याची वाट बघत असते. जेआरडींनी कराचीची पत्रे जशी वेळेवर पोहोचवली, तसे आपल्याला त्यांच्यापर्यंत पोहोचायचे आहे.

शब्दार्थ

तबकडी – घड्याळाचा आकडे असलेला भाग
होकायंत्र – दिशा दाखवणारे साधन
वक्तशीरपणा – ठरलेली वेळ पाळण्याचा गुण
राष्ट्रीयीकरण – खासगी उद्योग सरकारने आपल्या मालकीचा करणे
विनावेतन – पगार न घेता

स्वाध्याय

१. वैमानिकाला खिशातले घड्याळ गैरसोयीचे का होते?
२. ताशी १६० किलोमीटर वेगाने जाणारे विमान १५ मिनिटांत किती अंतर कापेल?
३. स्पर्धा चालू असताना जेआरडींनी अस्पींना मदत केली. तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केले असते? पाच-सहा ओळी लिहा.
४. उपक्रम : घरातली सगळी घड्याळे एकाच वेळी जुळवा. आठ दिवसांनी कोणते पुढे गेले, कोणते मागे पडले ते वहीत नोंदवा.